माळ्यावर भात शिजतो : गुहागरच्या एका घरगुती मुक्कामाविषयी

घराचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मालकीणबाईंची तशी अटच आहे. खोल्या दोन, आणि त्या गणपतीपासून मेअखेरपर्यंत ओळखीपाळखीनेच भरतात. "नाव लिहिलंत की फोन सुरू होतात हो, आणि ते मलाच घ्यावे लागतात," असं त्या म्हणाल्या. मी स्वतः २९ वर्षं नारायण पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात फोन घेण्यात घालवली असल्यामुळे मला ते तत्काळ पटलं. खुणेपुरतं सांगते: गुहागर, खालचा पाट, रस्त्याला ओटी आणि मागे थेट समुद्राला भिडलेली माड-पोफळीची वाडी. अशी घरं तिथे ओळीने आहेत. त्यातल्या कुणाकडेही उतरलात तरी खाली लिहिलंय त्यातलं निम्मं तुम्हाला भेटेल. उरलेलं निम्मं या काका-काकूंचं.

सीएंच्या ऑफिसातल्या माणसाला मार्च महिना नसतो. मुलीच्या दहावीच्या परीक्षेला मी ऑफिसात होते, नणंदेच्या मंगळागौरीला तेवढी सुटले कारण ती श्रावणात येते. यंदा जानेवारीत निवृत्त झाले आणि पहिल्यांदा मार्च मोकळा मिळाला. नवऱ्याने लगेच गुहागर काढलं. कारण "व्याडेश्वराचा अभिषेक राहिलाय" असं सांगितलं (व्याडेश्वर आमचं कुलदैवत), पण डिकीत सगळ्यात आधी चढली ती त्याची नवी लेन्स. त्या लेन्सच्या किमतीत आमच्या पहिल्या स्कूटरसारख्या चार स्कूटर आल्या असत्या. गेली दोन वर्षं तो पहाटे उठून पाषाण तलावावर नाहीतर वेताळ टेकडीवर जातो आणि मोरांचे धूसर फोटो घेऊन परत येतो. मी मात्र बेडरूममध्ये पाल दिसली तर हॉलमध्ये अंथरूण टाकणाऱ्यांपैकी. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं सगळं मत पालीला घाबरणाऱ्या बाईचं आहे.

पुण्याहून साताऱ्यावरून उंब्रज, तिथे आत वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, खाली चिपळूण आणि मग गुहागर. पहाटे साडेपाचला निघून, दोन चहा आणि एक मिसळ धरून, साडेबाराला पोचलो.

घर जांभ्या दगडाचं, कौलारू. पुढे ओटी, आत माजघर, मागे पडवी, आणि पाहुण्यांच्या खोल्या पडवीला काढलेल्या. खोलीत दोन कॉट, पंखा, मच्छरदाणी, भिंतीत खुंट्या. एसी नाही, टीव्ही नाही. वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर माळा. दाराच्या आतल्या बाजूला काकांच्या अक्षरातला एक कागद डकवलेला: सरकारी दवाखान्याचा नंबर, सर्पमित्राचा नंबर, त्या आठवड्यातल्या भरती-ओहोटीच्या वेळा, आणि तळाशी "रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नये. चप्पल झटकून घालावी." चेक-आउट किती वाजता, हरवलेल्या वस्तूंना जबाबदार कोण, यातलं अवाक्षर नाही. दाराला लावलेला असा कागद मी आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण वाचला.

पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती वासाने. भात शिजत होता. नुसता भात नाही, आंबेमोहोर, आणि झाकण उघडल्यावर पहिली वाफ तोंडावर येते ना, तेव्हाचा. मला वाटलं, काकूंकडे कुणी आजारी पडलंय, पेज टाकली असेल. तेवढ्यात तक्तपोशीवर धप्प. मग कुणीतरी जड पावलांनी कोपऱ्यापर्यंत चालत गेलं, थांबलं, परत आलं. थोडी माती मच्छरदाणीवर सांडली. नवरा जागाच होता. "चोर असेल," तो म्हणाला, आणि मच्छरदाणीच्या आतच राहिला. मी म्हटलं, चोर माळ्यावर बसून भात कशाला लावेल? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघं तक्तपोशीकडे बघत पडून राहिलो. लांब कुठेतरी शिमग्याचे ढोल चालू होते, त्यांचाच काय तो आधार.

सकाळी काकू चहा गाळत होत्या, त्यांना विचारलं. "काळमांजर ते," त्या म्हणाल्या. "चिकू धरलेत ना, त्यासाठी येतं. भातासारखा वास आला असेल, तो त्याचाच." नवऱ्याने लगेच ज्ञान पाजळलं. उदमांजर. वास येतो तो शेपटीखालच्या ग्रंथींतून, आणि याच प्राण्याच्या विष्ठेतून निघालेल्या कॉफीच्या बिया धुऊन, भाजून जगातली महागडी कॉफी विकतात. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे चिकूच्या बिया देतं. न्या हव्या तर."

दुसऱ्या रात्री मात्र मी खिडकीशी पाऊण तास उभी राहून त्याची वाट पाहिली. चंद्र वर आला होता. दीडच्या सुमाराला ते वळचणीवरून निघालं: राखाडी अंग, तोंडावर काळा मुखवटा चढवल्यासारखा, आणि अंगाइतकीच लांब काळी शेपूट. कौलावरून चिकूच्या फांदीवर उतरताना त्याने घाई केली नाही. एक फळ हुंगलं, सोडलं. दुसरं हुंगलं, सोडलं. तिसरं धरलं. मंडईत मी चिकू असेच घेते. पालीला बघून पळणारी बाई याच्यासाठी झोपमोड करते, याची संगती मला अजून लावता आलेली नाही.

तक्रारीची पहिली गोष्ट मात्र पहिल्याच सकाळची. सव्वासहाला घरामागे स्फोट झाला. मी कॉटवर बसलेली नव्हते, थेट जमिनीवर उभी होते. सिलिंडर गेला, दुसरं काय वाटणार? पडवीत येऊन बघते तर काका हातात प्लास्टिकच्या पाइपची बंदूक धरून उभे आणि पंधरा-वीस वानरं माडांवरून शेजारच्या वाडीत उड्या टाकत चाललेली. कार्बाइडचा खडा, थोडं पाणी, लायटरची ठिणगी. गोळी-छर्रा काही नाही, नुसता आवाज, पण तो तोफेचा. नवऱ्याला बंदूक हातात घेऊन बघायची होती. काकांनी दिली नाही. "डोळा जायचा," एवढंच म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे गृहस्थ प्राणिमित्र वगैरे नाहीत. वानर कोवळं शहाळं तोडतं, चार घोट पितं आणि टाकून देतं, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. वर्षाचे किती नारळ गेले याची वही आहे त्यांच्याकडे. ती मी मागून घेऊन वाचली. नोंदी व्यवस्थित आहेत, फक्त बेरीज पानागणिक केलेली नाही. पण स्फोटाची सूचना आदल्या रात्री द्यायला नको का? काकू म्हणाल्या, "अगो, सांगायचं राहिलंच." दरवेळी राहत असणार. हृदयविकार असलेल्यांनी पोचल्याबरोबर आपण होऊन विचारून घ्यावं.

त्या दिवशी संकष्टी होती. काकांनी खिचडी वाढता वाढता सांगितलं, ओहोटी बघायची तर नऊला जा. दारावरचा कागद न बघता कसं कळलं विचारलं तर म्हणाले, तिथीचं पाऊणपट करायचं. चतुर्थी म्हणजे चार, त्याचं पाऊणपट तीन: तीनला भरती. तिथून सहा तासांनी, नऊला, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. मला हा हिशेब इतका आवडला की मी सगळ्या तिथी करून पाहिल्या आणि पौर्णिमेला अडले. पंधराचं पाऊणपट सव्वाअकरा, आणि काका तर पौर्णिमेला बाराची भरती सांगत होते. ते म्हणाले, "अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. समुद्राला ताळेबंद जुळवायचा नसतो."

वाडीच्या मागच्या बेड्यातून (फाटकातून) बाहेर पडलं की सुरूची झाडं आणि त्यापुढे सरळ सहा किलोमीटरचा किनारा. सकाळी नऊला आम्ही दोघं आणि दूरवर जाळं ओढणारी माणसं, बाकी कुणी नाही. नवरा कुरव आणि चिखल्यांच्या मागे गेला. हे पक्षी थंडीत येतात आणि मार्चअखेर परतीला लागतात, तेव्हा त्याला घाई होती. मला नव्हती. मी ओल्या वाळूत जिथे थांबले तिथे पायांभोवती रांगोळी काढलेली होती. वाळूचे मोहरीपासून वाटाण्याएवढे गोळे, मधल्या एका भोकापासून बाहेर रांगा धरून मांडलेले, जसे सूर्याचे किरण. असे शेकडो सूर्य, नजर जाईल तिथवर. मी वाकले तर कुठेही काही हलेना. माझी सावली भोकावर पडली होती. बाजूला सरून गुडघ्यावर बसले (हे या वयात सोपं नाही) आणि घड्याळ लावलं. चार मिनिटं गेल्यावर एका भोकातून वाटाण्याएवढा खेकडा निघाला. अंग वाळूच्याच रंगाचं, त्यामुळे हलला तेव्हाच दिसला. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरत होता, त्यातलं काय खायचं ते चाळून घेत होता, आणि चाळलेल्या वाळूचा गोळा तोंडाशी मोठा होत होता. पुरेसा झाला की तोडून मागे टाकायचा आणि एक पाऊल पुढे. एकदा चाळलेली वाळू पुन्हा तोंडात जाऊ नये म्हणून ही रांग. म्हणजे तपासलेल्या व्हाउचरवर खूण करून गठ्ठा बाजूला ठेवणं. मी २९ वर्षं हेच केलं, फक्त माझी रांग रोज भरतीने पुसली जात नव्हती.

संध्याकाळी कासवं. गुहागरचं नाव हल्ली कासवांमुळेच कानावर येतं. कोकणात त्यांची अंडी जपायचं काम आधी वेळासला सुरू झालं, २००२ साली, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने केलं. त्याआधी अंडी कोल्हे-कुत्रे उकरायचे, नाहीतर माणसं न्यायची. काकू म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी अंडी टोपलीने विकायला यायची. २०२२ मध्ये कोकणात पहिल्यांदा पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवली, त्यातल्या तीन गुहागरच्या: वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. आणि २०२५च्या जानेवारीत इथे अंडी घालायला आलेल्या एका मादीला एक बिल्ला लावलेला सापडला, तो २०२१मध्ये ओडिशात लावलेला. म्हणजे ती बाई अख्ख्या देशाला वळसा घालून आलेली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं तिकडचीच आणि आपली इकडचीच, असा समज असतो, त्याला तिने धक्का दिला.

किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलेलं, आत वाळूत ओळीने खड्डे, प्रत्येकावर पालथी टोपली आणि शेजारी पाटी. मी पाट्या वाचत गेले. एकीवर २६ जानेवारी, अंडी ११८. संध्याकाळ १७ मार्चची. म्हणजे बरोबर पन्नास दिवस. कासवमित्राने सांगितलं, पिल्लं बाहेर यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वाळू जास्त तापली तर लवकर. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरतं, उबदार वाळूत माद्या. आईचा या सगळ्याशी संबंध नाही. ती अंडी घालून, खड्डा बुजवून त्याच रात्री परत गेलेली असते.

टोपली उचलली तर खाली सात. फक्त सात. नवऱ्याचा चेहरा पडला, कारण आदल्या दिवशी पन्नासच्या वर निघाली होती म्हणे. मला सातच बरी वाटली, मोजता येतात. रंग ओल्या कोळशासारखा, लांबी माझ्या अंगठ्याएवढी, पुढचे पाय अंगाच्या मानाने फारच मोठे, लहान मुलाने बापाचा शर्ट घातल्यासारखे. पाण्यापासून काही पावलांवर त्यांना वाळूत सोडलं आणि आम्हाला दोरीमागे. दोरीमागे पन्नासेक माणसं, त्यात पुण्याची किती हे उच्चारांवरून कळतंच. एकाने फ्लॅश मारला. कासवमित्र ओरडला नाही, फक्त म्हणाला, "ती उजेडाकडे वळतात, साहेब." आणि खरंच सगळ्यात मागचं पिल्लू थांबून आमच्याकडे तोंड करून वळलं. फ्लॅशवाल्याने मोबाइल खिशात टाकला. तेच पिल्लू नंतर कुणाच्या तरी पावलाच्या ठशात पडलं. आपल्या दृष्टीने ठसा, त्याच्या दृष्टीने विहीर. ते काठ चढायचं आणि पाठीवर पडायचं. माझ्या शेजारची बाई कळवळून म्हणाली, "अहो, उचला ना त्याला." कासवमित्र म्हणाला, "चालू द्या. ही वाळू त्याने चालायची असते." पिल्लं या चालण्यातच आपला किनारा ओळखून ठेवतात असं मानतात. चौथ्या खेपेला ते ठशातून बाहेर आलं. पाण्याला पोचलं तर लाटेने उचलून परत तिथेच आणून ठेवलं. असं तीनदा. पहिल्या पावलापासून शेवटचं दिसेनासं होईपर्यंत २२ मिनिटं लागली. सातपैकी सात गेली. पन्नास माणसांच्या घोळक्यात शेवटची दहा मिनिटं कुणीही बोललं नाही, आणि पुणेकर असताना हे घडलं म्हणून मुद्दाम नोंदवते.

रात्री चंद्रोदयाला मोदक. उकडीचे, कळ्या इतक्या बारीक की मोजायच्या राहून गेल्या. जेवणाबद्दल एवढंच लिहिते की ओल्या काजूगरांच्या उसळीसाठी मी एरवी न करणारी गोष्ट केली, दुसऱ्यांदा मागितली.

आता वाईट अनुभव. तो या घराचा नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या हट्टापायी आम्ही जवळच्या एका बंदरातून डॉल्फिन बघायला होडीने गेलो. माणशी ५०० रुपये. आणि काका "कशाला जाताय" असं दोनदा म्हणाले होते, तेही लिहिलं पाहिजे. पाण्यात एक करडी पाठ दिसली, तिच्यावर उंचवटा, आणि मागोमाग लहान दुसरी, बहुधा पिल्लू. आमच्या नावाड्याने इंजिन वाढवलं. बाकीच्या तीन होड्यांनीही वाढवलं. चारी बाजूंनी चार इंजिनं, मध्ये ती दोन. ती खाली जायची आणि सगळे नावाडी बोटं दाखवत वर कुठे येतील याची पैज लावायचे. मी थांबवायला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, जवळून नाही दिसले तर लोक पैसे परत मागतात." पाच मिनिटांत ती दिसेनाशी झाली. परत येताना नवऱ्याने कॅमेरा बॅगेत भरून ठेवला होता, एकही फोटो न बघता. कुणाच्या होडीत बसाल तर आधी एवढं विचारा: इंजिन बंद करून थांबता का? "नाही" म्हणाला तर किनाऱ्यावर बसा. डॉल्फिन तिथूनही दिसतात, लहान दिसतात इतकंच.

त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर किनाऱ्यावरून वाडीतून परत येत होतो. काका पुढे बॅटरी घेऊन, मागे मी, माझ्यामागे नवरा. मधल्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) काकांनी एकदम हात आडवा धरला. बोलले काहीच नाहीत. मग मला आवाज आला: खर्र, खर्र, लाकडावर बोथट करवत फिरवल्यासारखा. बॅटरीच्या गोलात पायवाटेच्या मधोमध एक हातभरसुद्धा नसलेला साप, तपकिरी, अंगावर पांढुरकी नागमोडी रेघ, आठाच्या आकड्यासारखी वेटोळी घालून एका वेटोळ्यावर दुसरं घासत बसलेला. तोंडाने फुत्कारत नाही तो, खवल्यांवर खवले घासून तो आवाज काढतो. "फुरसं," काका म्हणाले. माझ्या चपलेच्या टोकापासून तीन पावलं. ती पावलं मी नंतर उजेडात जाऊन मोजली.

मला त्या क्षणी आठवलं ते कोथरूड. ९ डिसेंबर २०२०, महात्मा सोसायटीत गवा शिरला होता. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहतो. सकाळपासून तो पळत होता आणि त्याच्यामागे अख्खं कोथरूड; गच्च्या भरलेल्या, दुचाक्या मागे लागलेल्या, प्रत्येकाचा हात वर आणि हातात मोबाइल. त्याला पकडलं आणि काही वेळातच तो गेला. नवरा त्या गर्दीत होता. मी गॅलरीत होते, म्हणजे मीही होतेच. त्याने काढलेला व्हिडिओ त्याने कधी पुसला ते मला माहीत नाही, पण आता नाही.

इथे गर्दी तिघांचीच होती. काकांनी बॅटरी सापावरून न हलवता आम्हाला उलट्या पावली मागे नेलं, पंधराएक पावलं, मग वळवलं आणि शेजाऱ्यांच्या वाडीतून, त्यांच्या गोठ्यामागून, त्यांच्या भुंकणाऱ्या कुत्र्यासमोरून घरी आणलं. शेजारी ओटीवर बसले होते. "काय, फुरसं?" त्यांनी विचारलं, बस चुकली का विचारावं तसं. काका म्हणाले, "गडग्यापाशी." संपलं. घरी चहा झाल्यावर मी विचारलं, मारत नाही का तुम्ही? म्हणाले, "वडील मारायचे. किती मारले असतील. पण रात्री काठी घेऊन वाकतो ना, चावतो तो त्यालाच. आणि वाट काय, दुसरी आहे." नवऱ्याने या सगळ्यात एकही फोटो काढला नाही. त्याला ते खोलीत आल्यावर आठवलं.

शेवटच्या सकाळी काकांनी आपण होऊन त्याला एक झाड दाखवलं. जुना बेहडा, दोन माणसांच्या कवेत न येणारा. कुठे ते सांगायचं नाही ही अट इथेही लागू. साठेक पावलांवर एका गडग्याआड बसवलं आणि सांगितलं, याच्या पुढे नाही. खोडात वर एक ढोली, तिचं तोंड लिंपलेलं, मध्ये उभी फट. आत ककणेरीची मादी. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात, हा काळा-पांढरा, चोचीवर शिंग असलेला. मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, आणि पिल्लं मोठी होईतो आतच. नर बाहेरून आणून भरवतो. तीन महिने एका भोकात कोंडून बसायचं, बाहेर तोंडही काढायचं नाही: मला मार्च एंडचं ऑफिसच आठवलं. फरक इतकाच की तिला डबा वेळेवर मिळतो. आठ वाजून दहा मिनिटांनी पंखांचा मोठा आवाज झाला, जुन्या रेल्वे इंजिनाच्या भात्यासारखा, आणि नर येऊन खोडाला बिलगला. मान मागे टाकून त्याने गळ्यातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकावर आणलं, फटीत दिलं. आतून एक टोक दिसलं, उंबर गेलं. पुन्हा मान मागे, पुन्हा एक. मी ३१ मोजली. साठ पावलांवरून ती लेन्स पहिल्यांदा उपयोगी पडली; त्या फोटोत फटीतलं चोचीचं टोक स्पष्ट आहे. चार स्कूटरी वसूल झाल्या असं मी अजून म्हटलेलं नाही.

घराच्या उणिवा थोडक्यात. न्हाणीघराचं दार पडवीतून आहे, रात्री अंगणाची एक पायरी उतरावी लागते. त्या न्हाणीत नळावर एक बेडूक राहतो, झाडावर राहणाऱ्यांपैकी, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला. तो उठत नाही, तुम्ही त्याच्या बाजूने नळ सोडायचा. पहिल्या दिवशी मी नवऱ्याला हाक मारली, दुसऱ्या दिवशी अंघोळ टाळली, तिसऱ्या दिवशी केली. गरम पाणी बंबाचं, सांगितल्यावर अर्ध्या तासाने. मोबाइलला रेंज ओटीवर येते, खोलीत नाही. दुपारी बारा ते चार उकडतं, आणि पंखा वारा कमी, आवाज जास्त देतो. लहान मुलं असतील, ती सांगितलेलं ऐकत नसतील, तर इथे नेऊ नका. कागदावरचं शेवटचं वाक्य ती वाचणार नाहीत.

परतताना चिपळूणला वाशिष्ठीच्या खाडीत मगरी बघितल्या, काठावरच्या चिखलात तोंडं उघडी टाकून पडलेल्या. होडीवाल्याने इंजिन बंद केलं, हे बघून मी त्याला वीस रुपये जास्त दिले.

बिल काकू वहीच्या पानावर देतात. तीन रात्री ६६००, न्याहारी त्यातच. जेवणाची ताटं दहा, २५० प्रमाणे २५००. मोदक नऊ, ३६०. एकूण ९४६०. बेरीज बरोबर होती, पण मोदक आम्ही अकरा खाल्ले होते, ते मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. काकू म्हणाल्या, "दोन उकडताना फुटले होते हो. त्याचे कसले घ्यायचे?" मी नऊचेच दिले. नियम त्यांचा.

हे लिहायला मे उजाडला, कारण निवृत्त माणसाला वेळ नसतो हे खरंच आहे. परवा काकूंचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: "भोक फोडून बाहेर आली. दोन पिल्लं आहेत. काका रोज जाऊन बसतात, गडग्याआडच. शेवटचे आंबे उतरवलेत, पाठवू का?" मी दोन पेट्या सांगितल्या आणि विचारलं, वानरांनी किती नेले. उत्तर आलं ते वहीच्या पानाचा फोटो. या खेपेला पानाखाली बेरीज केलेली होती.